शेवटची चौकट

३ फेब्रुवारी

ती. अक्कास,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोन केला की तू उचलत नाहीस, आणि पत्राला उशीर झाला की रागावतेस. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्यभर लोकांची बोलणी जोडून दिलीस म्हणून तुला फोनचा वीट आला, हे मान्य. पण त्याची शिक्षा माझ्या अक्षराला का?

माझं म्हणशील तर बरं चाललं आहे. लिफ्ट तपासण्याच्या नोकरीत जन्मभर वर-खाली केलं, आता जरा आडवं जाऊ दे, असं हिला सांगून मी दोन नाद लावून घेतले आहेत. पहिला फोटोंचा. एक स्टुडिओवाला दुकान बंद करत होता, त्याचा जुना रोलचा कॅमेरा मिळाला. रोल मी घरीच न्हाणीघरात धुतो. खिडकीला जाड टॉवेल लावतो आणि दोरीवर चिमट्यांनी फिल्म वाळत घालतो. तुझी भावजय म्हणते, घरात आंघोळीला मुहूर्त काढावा लागतो. स्टुडिओवाल्याने एक गोष्ट बजावली होती: रोलची शेवटची चौकट वापरायची नाही, फिल्म तिथे ताणते आणि चित्र धड येत नाही. म्हणून मी ती कधीच वापरत नाही. कोरी सोडतो.

दुसरा नाद गाडीचा. इथल्या एका संस्थेला असे लोक हवे होते, जे आपली गाडी घेऊन आजाऱ्यांना दवाखान्यात नेतील आणि परत आणतील. पैसे नाहीत, नियम एकच: नेलं तर आणायचं. माझ्या वाट्याला तिघं आलेत. डायलिसिसला जाणारे गणिताचे मास्तर, डोळ्यांत इंजेक्शनं घेणाऱ्या शिंपीणबाई आणि छातीच्या दुखण्याचा एक ट्रम्पेटवाला, जो वाजवता येत नाही म्हणून सगळा रस्ताभर बोलतो. तिघांचे मी फोटो काढतो. गाडी रिकामी असली की कॅमेरा मागच्या सीटवर ठेवून त्याला पट्टा लावतो. ही म्हणते, माझ्यासाठी कधी एवढी काळजी नाही घेतली.

आता गंमत ऐक. परवा रोल धुतला, तर शेवटची चौकट कोरी नाही! मागच्या सीटवरून काढलेला फोटो. पुढे माझी मान आणि चाकावरचे हात, काचेपलीकडे नुसता उजेड. माझी मान मला कुठली ओळखायला येणार, पण हिने कानामागचा तीळ दाखवला. तिन्ही प्रवाशांना विचारलं. मास्तर म्हणाले, कॅमेऱ्याला हात लावायचा तर आधी परवानगी मागितली असती. शिंपीणबाईंना धड दिसत नाही. ट्रम्पेटवाला शपथेवर नाही म्हणाला, आणि तो खोटं बोलला तर पोटात ठेवू शकत नाही.

तुझं नवं बिऱ्हाड अजून पाहिलं नाही. दर वेळी काहीतरी निघतं तुझं. गाडी आहे, वेळ आहे, बोलाव की.

मायेची नजर आहे तशीच राहू दे.
तुझा,
धाकटा


११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून हसले. मानेवरचे काळेभोर केस दाखवायला तूच कुणाकडून तरी फोटो काढून घेतला असशील, मला ठाऊक आहे. साठी उलटली तरी एक केस पांढरा नाही म्हणून लग्नकार्यात मान वळवून वळवून फिरतोस. कानामागचा तीळ मला सांगू नकोस, लहानपणी तुला आंघोळ घालताना मी तो मळ समजून घासत असे.

इथे ठीक. जागा लहान आहे, एकटीला पुरते. पावलं हल्ली सुजतात, जोडे घट्ट होतात, वयच आहे. जेवणाची चव गेली आहे, पण ती माझ्याच हातची असल्यामुळे तक्रार कुणाकडे करणार?

तुझ्या त्या मास्तरांबद्दल वाचून वाईट वाटलं. सहज विचारते, त्यांना सुया टोचताना फार दुखतं का? किती वेळ पडून राहावं लागतं? येताना बोलतात की गप्प असतात? आणि कुणी नकोच म्हटलं, तर डॉक्टर जबरदस्ती करतात का? आमच्या शेजारणीच्या ओळखीत कुणाला सांगितलं आहे, म्हणून विचारलं.

सध्या येऊ नकोस. घराला रंग द्यायचा आहे. आटोपलं की कळवीन.

तुझ्या कारभारणीला सांग, न्हाणीघरासाठी संप कर, माझा पाठिंबा आहे.

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे मागू नकोस.
अक्का


२० फेब्रुवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

शेजारणीच्या ओळखीच्या माणसाला सांग, घाबरू नये. मास्तरांना मी विचारलं. ते म्हणाले, सुई टोचते तेव्हा एक ते दहा अंक म्हणायचे, सातापर्यंत दुखणं संपतं. अर्धा दिवस जातो. जाताना ते मला कोडी घालतात, येताना मात्र डोळे मिटून असतात. कोपराच्या खाली पांढऱ्या पट्ट्या, एकीखाली एक अशा दोन, आणि तो हात मांडीवर जपून ठेवलेला. जबरदस्ती कुणी करत नाही. मास्तरांच्या शेजारच्या खाटेवरचे एक गृहस्थ मध्येच यायचे थांबले. कारण विचारलं तर म्हणे, ने-आण करायला कुणी नाही आणि मुलांना सांगायचं नाही. महिनाभरात गेले. मास्तर म्हणाले, हा माणूस आजाराने नाही गेला, संकोचाने गेला.

आता माझं. दुसरा रोल धुतला. या वेळी कॅमेरा कुणाच्या हाती लागू दिला नाही. कुणी गाडीत असलं की तो माझ्या मांडीवर आणि एकटा असलो की मागे पट्ट्यात. तरीही शेवटच्या चौकटीत पुन्हा माझी मान! आणि या वेळी काचेपलीकडचं स्पष्ट आलं आहे. अरुंद गल्ली, शेवटी दोन दारांचं लोखंडी फाटक, त्याला तारेने बांधलेली पत्रांची पेटी, आणि बाजूच्या भिंतीवर शिडी टेकवलेली. अशी जागा मी जन्मात पाहिलेली नाही. संस्थेतल्या सगळ्या गाडीवाल्यांना दाखवली, कुणालाही ठाऊक नाही.

ही आता त्या कॅमेऱ्याच्या खोलीत एकटी जात नाही. मी हसतो, पण खरं सांगू का, गाडी चालवताना हल्ली मानेवर कुणाची तरी नजर असल्यासारखं वाटतं. आरशात पाहावं, तर मागे कुणीही नसतं.

तू कोडी सोडवण्यात हुशार. फोटो सोबत धाडतो. बघ काही उलगडतं का.

तुझ्याच आधाराने वाढलेला,
धाकटा


२६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

फोटो पाहिला. त्यात कोडं वगैरे काही नाही. एक गल्ली, एक फाटक, अशी शंभर असतात. ज्या घराच्या फाटकाचं डावं दार उघडतसुद्धा नाही, त्याचा कसला विचार करत बसतोस?

कॅमेरा विकून टाक. नको त्या वस्तू घरात ठेवू नयेत. पुन्हा मला असले फोटो पाठवू नकोस. रंगाचं काम लांबलं आहे, तेव्हा इकडे येण्याचा विषय आता नको.

माझी प्रकृती उत्तम आहे.
अक्का


५ मार्च

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं इतकं छोटं पत्र मला आजवर कधी आलं नव्हतं. हिला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, वन्सं रागावल्या नाहीत, घाबरल्या आहेत. मग मी फोटो पुन्हा भिंग लावून पाहिला. अक्का, त्यात दोन्ही दारं मिटलेली आहेत. डावं उघडत नाही हे फोटो पाहून कुणालाही कळणार नाही. रोज ते ढकलून पाहणाऱ्यालाच कळेल.

आणि तुझी प्रकृती उत्तम आहे असं तू याआधी कधी लिहिलेलं नाहीस. कधी गुडघा, कधी पित्त, काहीतरी असायचंच.

काल तिसरा रोल धुतला. शेवटच्या चौकटीत मान आहे, रस्ता आहे, आणि या वेळी वरचा आरसाही आला आहे. आरशात मागची सीट दिसते. तिथे कुणीतरी कॅमेरा डोळ्याला लावून बसलं आहे. चेहरा कॅमेऱ्याआड आहे. पण धरणारा हात दिसतो. करंगळी बाहेरच्या बाजूला आकड्यासारखी वळलेली. आपल्या घरात अशी करंगळी दोघांचीच, बाबांची आणि तुझी. आणि त्या हाताला, कोपराच्या खाली, पांढऱ्या पट्ट्या. एकीखाली एक अशा दोन.

मी न्हाणीघराच्या उंबऱ्यावरच बसलो. ही धावत आली. तिनेही ओळखलं.

शेजारणीच्या ओळखीचा माणूस कोण ते मला आता कळलं आहे. तुला काही विचारणार नाही आणि रागावणारही नाही. इथे परक्यांना मी मुकाट्याने नेतो-आणतो, आणि माझी बहीण संकोचाने जाणार असेल, तर ही गाडी मी नदीत ढकलून देईन. रविवारी सकाळी येतो. पत्ता पाकिटावर आहेच, फाटक मी ओळखेन.

तू मागच्या सीटवर बसशील की नाही, एवढंच आता तुझ्या हातात आहे. बाकीचं मला समजेनासं झालं आहे.

तुझा,
धाकटा


८ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

गेल्या पावसाळ्यापूर्वीच सांगितलं होतं डॉक्टरांनी. मूत्रपिंडं थकली आहेत, यंत्रावर जायला हवं. मी नको म्हटलं. इथे कोण नेणार, कोण आणणार? तुला सांगितलं असतं तर तू धावत आला असतास, आणि माझ्यामुळे तुझं म्हातारपण दवाखान्याच्या बाकावर गेलं असतं. म्हणून ठरवलं, जेवढं आहे तेवढं पुरे. ठरवल्यावर बरंसुद्धा वाटलं होतं. हिशेब मिटवल्यासारखं. मग तुझा फोटो आला.

पाकीट फोडलं आणि पाहते तर माझंच फाटक, माझीच पेटी, तीही मी बांधलेल्या तारेने लटकलेली. फोटोत शिडी आहे, पण रंगाऱ्याने ती भिंतीला टेकवली तुझं पत्र तिकडून निघाल्यानंतर. तेव्हापासून रोज फाटकाकडे पाहते. दूरवरून एखाद्या गाडीचा आवाज आला की आत जाऊन बसते. मला आजाराची भीती वाटत नव्हती, धाकट्या. कुणीतरी माझ्या वतीने आधीच हो म्हणून बसलं आहे, याची वाटते.

रविवारी ये. येईन की नाही ते मी तुझं तोंड पाहून ठरवीन. डावं दार ढकलू नकोस, कडी निखळते.
अक्का


२९ एप्रिल
मागची खोली

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

एकाच छपराखाली राहून पत्र लिहिते म्हणून तुझी कारभारीण हसेल. हसू दे. काही गोष्टी मला तोंडाने सांगता येत नाहीत, आणि तू तर मी बोलायला लागले की आधी पाणी आणायला धावतोस.

त्या रविवारी तू फाटकाशी गाडी लावलीस आणि उतरून नुसता उभा राहिलास. केस विस्कटलेले, शर्टाचं एक बटण चुकलेलं. लहानपणी शाळेच्या फाटकाशी माझी वाट पाहायचास, तसाच दिसलास. तेवढ्यावर मी पिशवी उचलली. मागे बसले, पट्टा लावून घेतला, आणि तू कॅमेरा माझ्या हातात दिलास. म्हणालास, जे व्हायचं ते सगळ्यांच्या समोर होऊ दे.

मी तीनदा बटण दाबलं. एकदा फाटकासमोर, एकदा मोठ्या रस्त्यावर, आणि एकदा पहिल्या डायलिसिसनंतर परतताना, हाताला पट्ट्या असताना, आरशात बघून. तिन्ही वेळा खटका वाजला, आकडा पुढे सरकला. भिंगावरचं झाकण मी काढलं होतं, तू पाहिलंस. आणि तू रोल धुतलास तेव्हा तुझे सगळे फोटो आले, माझे तिन्ही कोरे. तू म्हणालास, माझा हात हलला असेल. हात हलला तर चित्र हलतं रे, जात नाही. ते फोटो आधीच काढून झाले होते, म्हणून दुसऱ्यांदा आले नाहीत. मी यावर आता भांडत नाही. मास्तरसुद्धा म्हणतात, उत्तर आधी आलं आणि गणित नंतर, असं कधीकधी होतं. आमच्या खाटा आता शेजारी आहेत. सातापर्यंत अंक आम्ही बरोबर म्हणतो.

पण शेवटच्या चौकटीबद्दल तू मला खोटं सांगितलंस. म्हणालास, या वेळी ती कोरीच आहे. आज आंघोळीला गेले तर टॉवेलांच्या मागे, चिमट्याला लटकलेला फोटो सापडला. तू कारभारणीला सांगत होतास तेही ऐकलं, की मागून दिसणारा हा कुणी म्हातारा आहे, ओळखीचा नाही, आणि अक्काला दाखवायचा नाही.

धाकट्या, तो म्हातारा तूच आहेस. कानामागचा तीळ तसाच आहे, मी भिंग लावून पाहिला. फक्त मानेवर एकही केस काळा नाही. कापसासारखी पांढरी मान. चाकही या खटाऱ्याचं नाही, दुसऱ्याच कुठल्या गाडीचं आहे, म्हणजे एकदाची ही बदलणार तर. तू घाबरलास, कारण तुला तुझं म्हातारपण दिसलं. मी मात्र बराच वेळ तिथे उभी राहिले आणि वर्षं मोजायचा प्रयत्न केला. आज तुझ्या मानेवर तीन पांढरे केस आहेत, तेही मी आल्यापासूनचे. बाकीचे पिकायला किती काळ लागेल?

एक गोष्ट मात्र खरी. या फोटोत आरसा वर वळवलेला आहे, त्यात नुसतं छत दिसतं. मागच्या सीटवर कोण बसलं आहे ते कळत नाही. करंगळी नाही, पट्टी नाही, काहीच नाही. तू लपवलास तो खरं म्हणजे याच भीतीने, हे मला समजलं.

तर ऐक. तो फोटो मीच काढलेला आहे. मला दिसत नाही, पण मी तसं ठरवलं आहे. मागच्या वेळी कुणीतरी माझ्या वतीने हो म्हणालं होतं, या वेळी मी स्वतः म्हणते. फोटो मी उशीखाली ठेवला आहे, शोधू नकोस.

उद्या आपली फेरी आहे. सकाळी गाडी काढ, मी पायरीवर बसून असेन. नेतोस तशी परत आणत जा, एवढंच मागणं.

तुझी,
अक्का