शेवटची ओळ गायची नसते

४ मार्च, मंगळवार
पॅनकेक हाणले. उद्यापासून लेंटचे, म्हणजे ईस्टरच्या आधीचे, उपास, म्हणून नवं आयुष्यही उद्यापासूनच. दारू बंद. बिस्किटं बंद. रोज रियाज. सव्वीस एप्रिलला एनिस शहरातल्या हॉलमध्ये माझा एकट्याचा कार्यक्रम. पोस्टर छापून आलं: ‘कोलमन टूही, पुन्हा एकदा!’ मग नवा अल्बम. मागच्याला बरीच वर्षं झाली, पण लोकांना जरा वाट बघायला लावलेली बरी.

नोरीन म्हणाली, आधी डॉक्टरांना दाखव, मग पोस्टरं लाव. कारण काय, तर मी तिला काल पेग म्हणालो. पेग माझी बहीण. बायकोला एकदा बहिणीच्या नावाने हाक मारली तर केवढा गहजब! दोनदा मारलीस, म्हणे. पस्तीस वर्षांच्या संसारात दोनदा म्हणजे काहीच नाही.

९ मार्च, रविवार
रियाज नाही. चर्चमधली रविवारची प्रार्थना, मास, आटपून चालत घरी आलो, तब्येतीला चांगलं. बघतो तर दारात गाडी नाही! चोरी झाली म्हणून पोलिसांना फोन लावणार, तेवढ्यात नोरीन म्हणाली, अरे बाबा, तू सकाळी गाडी घेऊनच गेला होतास. गाडी चर्चपाशी. डोक्यात नवी गाणी असली की असं होतं.

१४ मार्च
हेगर्टीच्या पबात बैठक. मी लिंबू सोडा. ‘भरतीच्या आधी ये’ गायलो. माझं सगळ्यात गाजलेलं. नोरीन बेटावरच्या शाळेत बाई होती, तेव्हा तिच्यासाठी लिहिलं होतं. सात कडवी. अर्धा देश लग्नात तेच गातो.

पाचव्या कडव्यात शब्द गेले. सूरही पळाला. पुढचं काय म्हणून ती ओळ नुसती तोंडातल्या तोंडात बोललो, आणि धाडकन टाळ्या! आमच्याकडची जुनी रीतच आहे ना. शेवटची ओळ गायची नाही, साधी बोलायची, की गाणं संपलं. सगळ्यांना वाटलं, संपलं! शाब्बास कोलमन, म्हणून ओरडले. साथीला असलेला जोसी म्हातारा फिडल, म्हणजे आमचं व्हायोलिन, खाली ठेवून म्हणाला, लेका, पोरगी आत्ता कुठे बोटीत चढली, तिला किनाऱ्याला तरी लागू दे की! मी म्हटलं, उत्सुकता ठेवायची असते. हे मला इतकी वर्षं कसं सुचलं नाही?

नोरीनने टाळ्या वाजवल्या नाहीत. 

१७ मार्च, सेंट पॅट्रिकचा सण
आज उपासाला सुट्टी, हे सगळ्यांना मान्य आहे. तीन पिंट बिअर. परेडमध्ये ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभा राहून गायलो. तीन कडवी गायलो, मग बोललो. टाळ्या. युक्ती हुकमी आहे.

१८ मार्च
उपासाला आजही सुट्टी घेतली. डोकं दुखत होतं.

२ एप्रिल
नोरीनने डॉक्टरांची वेळ घेतली होती. गेलो नाही. कार्यक्रम तोंडावर असताना कलावंताने असल्या भानगडीत पडू नये. भांडण. ती म्हणाली, मला भीती वाटते रे. मी म्हटलं, मला नाही वाटत.

इथे कोण वाचतंय, लिहून टाकतो. मलाही वाटते. फार वाटते. सकाळी समोरच्या शेतातल्या गाढविणीचं नाव आठवेना. कुंपणाशी उभा राहून घाम फुटला. मग आठवलं, डॉली. म्हणजे काळजीचं काही नाही. (नोरीन म्हणते, डॉली हिच्या आधीची.)

११ एप्रिल
हेगर्टीकडे दोनच कडवी. जोसी म्हणाला, तुझं गाणं हल्ली पिंटचा फेस बसायच्या आत संपतं. सगळे खो खो हसले. मीही हसलो. मग बाहेर येऊन हाच जोसी खांद्यावर हात ठेवून हळूच विचारतो, एनिसला तुझ्या शेजारी बसू का, शब्द सांगायला? असं डोकं सटकलं! म्हटलं, फिडलवाल्याने फिडल वाजवावी. ते गाणं मी लिहिलंय, त्यातला शब्द न् शब्द माझ्या रक्तात आहे. तो बरं म्हणाला आणि सायकल काढून गेला. उगाच बोललो वाटतं.

२६ एप्रिल, दुपार
तिकिटं संपली! नवा शर्ट. नोरीन म्हणते, शब्द मोठ्या अक्षरात लिहून देते, समोर ठेव. कागद बघून गाऊ? आमच्यात असल्या गाणाऱ्याची दहा वर्षं टिंगल होते. साफ नाही म्हटलं. तिने शर्टाची कॉलर नीट केली आणि उगाचच पुन्हा नीट केली.

२७ एप्रिल, सकाळ
कार्यक्रम एकंदरीत उत्तम. लोक उभे राहिले.

सुरुवातीला जरा गडबड झाली. पहिलीच ओळ मी बोललो वाटतं, आणि थांबलो. कोणी टाळ्या वाजवेना. भरल्या हॉलमध्ये एवढी शांतता बरी नव्हे. मग पहिल्या रांगेतून नोरीन उठून स्टेजवर आली. माझा हात धरला, आमच्याकडे म्हातारी माणसं गाणाऱ्याचा हात धरून तालावर गोल गोल फिरवतात तसा, आणि स्वतःच गायला लागली! ही बाई चारचौघांत कधी गात नाही. अख्खी सात कडवी गायली. बेटावरची एक शाळेतली बाई, भरती येतेय, बोट, किनाऱ्यावर वाट बघणारा एक येडपट. पोरगी शेवटी सुखरूप पोचते. शेवटची ओळ नोरीनने रीतीप्रमाणे नुसती बोलून सोडली. लोक रडत होते. जोसीही. मीसुद्धा थोडा. गाणंच तसं आहे.

येताना गाडीत विचारलं, कोणाचं गं हे? गाडी तीच चालवत होती. पुढचं वळण तिने सावकाश घेतलं. मग म्हणाली, आपलंच आहे.

म्हणजे लोकगीत. झकास! कोणाची परवानगी मागायला नको. नव्या अल्बममध्ये पहिलं हेच घ्यायचं. चहा झाला की नोरीनकडून शब्द उतरवून घेतो.