तोर्लाइव हाउगलान या नावाची चार पुस्तकं

प्रिय श्यूर,

तुझं पत्र सोमवारच्या बोटीनं आलं. चार दिवस ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडून होतं, आणि मी त्याच्या शेजारी बसून कॉफी पीत होते. फोन करता आला असता, पण फोनवर तू मधेच बोलायला लागतोस, तुझा आवाज ऐकला की मी विरघळते आणि ठरवलेलं सगळं गिळून टाकते. पत्रात तू मला अडवू शकत नाहीस. म्हणून शेवटपर्यंत वाच. रागावलास तरी वाच.

इकडे बरं आहे. मार्च संपला तरी डोंगरावरचा बर्फ हटायला तयार नाही. शेजारचं घर विकलं गेलं. घेणारे ऑस्लोचे आहेत, उन्हाळ्यात तीन आठवडे येणार म्हणे. आता आपल्या बाजूला हिवाळ्यात दिवा लागतो तो फक्त माझा. दुकानही आता आठवड्यातून चारच दिवस उघडं असतं. बाकीचे तीन दिवस माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि चौथ्या दिवशी बोलायला गेले की आवाज गंजल्यासारखा निघतो. तक्रार करत नाही. पुढचं लिहिताना हे आधी सांगून टाकावंसं वाटलं, इतकंच.

बाबा घर सोडून गेले तेव्हा तू पाच वर्षांचा होतास आणि मी अकरा. हेरिंग माशांचा हंगाम फसला होता, माशांच्या तेलाचा कारखाना बंद पडला होता. ते म्हणाले, जहाजावर काम बघतो, ख्रिसमसला येतो. दोन पोस्टकार्डं आली, मग तीही थांबली. तुला आठवत नसेल, पण त्या हिवाळ्यात तू रोज दुपारी धक्क्यावर जाऊन उभा राहायचास. बोटीतून सगळे उतरले, शिडी ओढून घेतली, तरी हलायचा नाहीस. मी हाताला धरून ओढत आणायची. घरी येऊन तू ताटासमोर बसायचास आणि खायचा नाहीस. बटाटे गार व्हायचे. आई रागवायची, मग उठून खिडकीशी जाऊन उभी राहायची. वसंतापर्यंत तुझ्या मनगटाची हाडं दिसायला लागली होती.

एप्रिलमध्ये पुस्तकांची बोट, म्हणजे ते फिरतं ग्रंथालय, आली. ती बोट तुझ्या चांगली लक्षात आहे, कारण पुढे तूच तिची वाट बघायला लागलास. ग्रंथपाल होते क्नुत ओपेदाल, लाल नाकाचे, सारखे शिंकणारे. माझ्या कार्डावरचं बाबांचं नाव वाचून ते म्हणाले, "तोर्लाइव हाउगलानची मुलगी? अगं, मग तुला आमची पुस्तकं कशाला लागतात? घरातच लेखक आहे की!" आणि हसत हसत त्यांनी एक पुस्तक पुढे केलं: मेंढ्यांच्या खुरांचे रोग. वर खरंच आपल्या बाबांचं नाव होतं. त्यांनी थट्टा केली होती, श्यूर. दर फियोर्डच्या खाडीमागे हाउगलान नावाचं एक शेत असतं आणि त्यावरून ते आडनाव लावणारी माणसंही, हे त्यांना माहीत होतं. मला अकराव्या वर्षी माहीत नव्हतं. मी ते पुस्तक छातीशी धरून पळत घरी आले आणि तुला म्हटलं, "बघ, बाबा कुठे गेलेत ते कळलं. ते पुस्तकं लिहितायत."

आईनं ते हातात घेतलं, उलटसुलट केलं. तू बाहेर गेल्यावर मला म्हणाली, "तुझा बाप आणि पुस्तक? दुकानाची यादीसुद्धा मी लिहून द्यायचे त्याला." म्हणजे मला त्याच दिवशी कळलं. मी फसले, असं मी आजवर स्वतःलाही सांगत आले, पण मी फसले होते ते जेमतेम तासभर. संध्याकाळी तू खुरांच्या चित्रांचं पान उघडून ताटाशेजारी ठेवलंस आणि दोन बटाटे खाल्लेस. मग तिसरा मागितलास. मी आईकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "पोरगा जेवतोय ना? मग राहू दे."

पुढच्या खेपेला मीच ओपेदालना विचारलं, या नावाची आणखी आहेत का? त्यांनी यादीत शोधून तीन काढली. स्पॅनिश भाषेचं व्याकरण, पोटाचे विकार आणि पथ्य, आणि चर्चमधल्या ऑर्गनची बांधणी व दुरुस्ती. मी एकेक करून घरी आणली आणि तुला एकेक गोष्ट रचून सांगितली. स्पॅनिशसाठी बाबांना जहाजावरून स्पेनला पाठवलं. पोटाचं पुस्तक जहाजावरच्या स्वयंपाक्यासाठी लिहिलं. तू विचारलंस, "ताई, बाबांना एवढं सगळं कसं येतं?" मी म्हटलं, "एवढं सगळं येतं म्हणूनच त्यांना घरी यायला वेळ नाही." तू मान डोलावलीस. धक्क्यावर जाणं तू त्या उन्हाळ्यात सोडलंस.

मला वाटलं होतं, मोठा झालास की तुला आपोआप कळेल. पण ऑर्गनचं पुस्तक तू परत करू देईनास. आठव्या वर्षी त्यातल्या नळ्यांच्या आकृत्या तू कोळशानं आपल्या गोदामाच्या भिंतीवर काढल्यास. तेराव्या वर्षी चर्चच्या रखवालदाराच्या मागे लागून आपल्या चर्चचा जुना ऑर्गन उघडायला लावलास आणि भात्याला पडलेलं भोक शोधून काढलंस. रखवालदार गावभर सांगत सुटला, "शेवटी पोरगा कोणाचा आहे!" गावातल्या लोकांनाही तोपर्यंत ते खरं वाटू लागलं होतं, किंवा त्यांनीही राहू दिलं होतं.

त्याच वर्षी ओपेदालनी मला बाजूला घेतलं. बर्गनच्या मोठ्या ग्रंथालयातून कागद आला होता. चार पुस्तकं, चार माणसं. खुरांवालं लिहिणारे गुरांचे डॉक्टर होते, तुझ्या जन्माच्या कितीतरी आधी वारलेले. स्पॅनिशवाले एका जहाज कंपनीत कारकून. पोटाचे विकारवाले ऑस्लोचे डॉक्टर. आणि ऑर्गनवाले बर्गनचे कारागीर, मूलबाळ नसलेले, एकटेच राहणारे. ओपेदाल म्हणाले, "मला यादीच्या कार्डांवर नावापुढे ज्याचं त्याचं जन्मसाल घालावं लागणार. पुस्तक कोणाचं, हे आम्हाला लिहावंच लागतं, मुली." मी म्हटलं, "घाला. पण श्यूरला सांगू नका." त्यांनी नाक पुसलं आणि म्हणाले, "माझं काम कार्डांपुरतं." ओपेदाल वारले तेव्हा मी बर्गनला फुलं पाठवली होती. तू विचारलंस, ग्रंथपालाला कशाला? मी काहीतरी थाप मारली. एका थापेच्या पोटी अशा किती जन्मल्या, मोजल्या नाहीत मी.

सांगायची संधी मला कितीदा मिळाली होती! सतराव्या वर्षी तू डेन्मार्कला शिकायला निघालास तेव्हा. कोपनहेगनच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात तुला तुझी स्वतःची प्रत मिळाली आणि तू लिहिलंस, 'बासष्टाव्या पानावर बाबा म्हणतात तसंच केलं, आणि सूर लागला,' तेव्हा. आईच्या दफनाच्या दिवशी. सगळ्यात जास्त तुझ्या लग्नात. ऑर्हुसच्या त्या हॉलमध्ये तू ग्लास उचललास आणि म्हणालास, "माझे वडील मला पाचव्या वर्षानंतर कधी भेटले नाहीत, पण माझ्या हातांना सगळं त्यांनी शिकवलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुझ्या सासूबाई डोळे पुसत होत्या. मी बाहेर जाऊन कोटांच्या खोलीत बसले. तुझ्या लिसेला वाटलं, मला एकटेपणानं रडू आलं. खरं तर मला हेवा वाटला होता, श्यूर. तुझ्याकडे बाप होता. चार विषय जाणणारा, दूरदेशी असलेला, तुझ्याशी बोलणारा बाप. मीच तो तुला घडवून दिला होता, आणि स्वतःसाठी काहीच ठेवलं नव्हतं. ज्याच्याशी मी हे बोलू शकले असते तो तू एकटाच होतास, आणि नेमकं तुलाच सांगायचं नव्हतं.

बाबा सापडले एवढंच मी फेब्रुवारीत तुला फोनवर सांगितलं. तू इतका रडलास की पुढचं बोलताच आलं नाही. आता सांगते. फ्लोरोच्या वृद्धाश्रमातून फोन आला, जवळचं माणूस म्हणून बाबांनी माझं नाव दिलं होतं. ते चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. तीस वर्षं किनाऱ्यावरच्या मालवाहू बोटींवर काम केलं, मग फ्लोरोलाच राहिले. इथून बोटीनं दोन तास, श्यूर. ना स्पेन, ना काही. मी विचारलं, का आला नाहीत? म्हणाले, "पहिल्या वर्षी लाज वाटली. मग दर वर्षी थोडी जास्त." एवढंच. मी दर गुरुवारी जाते. आम्ही खिडकीतून बंदराकडे बघत बसतो. त्यांना विचारायचं असं माझ्याकडे काही उरलेलं नाही आणि त्यांना माझ्याबद्दल काही ठाऊक नाही. परत येताना बोटीवर मला जितकं एकटं वाटतं तितकं रिकाम्या घरातही वाटत नाही.

आणि तू लिहितोस, चौदा तारखेला येतोय, पुस्तक घेऊन येतोय, त्यावर बाबांची सही घेणार. म्हणून हे पत्र. ते पुस्तक त्यांनी लिहिलेलं नाही. त्यांनी एकही लिहिलेलं नाही. काल गुरुवारी माझ्या मनात पापही आलं. त्यांना सांगावं, तो येईल, पुस्तक पुढे करेल, तुम्ही मुकाट्यानं सही करा. ते करतील, नर्स पुढे करेल त्या कागदावर ते सही करतात. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "धाकटा काय करतो?" म्हटलं, चर्चचे ऑर्गन दुरुस्त करतो, डेन्मार्कमध्ये, मोठं नाव आहे त्याचं. ते म्हणाले, "ऑर्गन? आपल्याकडे तर कोणाला साधी शीळ घालता यायची नाही. हे कुठून शिकला तो?" पुस्तकातून, मी म्हटलं. "पुस्तकं कोण आणून द्यायचं त्याला?" "मी." ते माझ्याकडे वळले, मी जायला लागल्यापासून पहिल्यांदाच नीट बघितलं, आणि म्हणाले, "मग बरं झालं." त्यानंतर ती थाप त्यांच्या तोंडी घालायचं मला जमलं नाही. तू ये, श्यूर. रागावून आलास तरी चालेल. पुस्तक आण किंवा तिकडेच ठेव. पण चौदाला ये, कारण त्या खोलीत तिसरी खुर्ची आहे आणि मला तिथे एकटीनं बसवत नाही.

सगळं सांगून मोकळी झालेली आणि तरीही तुझीच,
मागन्हिल