व्यक्तिस्वातंत्र्याची बाजू माझ्याकडे

३ मार्च
वाचनालयात परिसंवाद ठरला : समाजवाद, भांडवलशाही की व्यक्तिस्वातंत्र्य? चिठ्ठ्या टाकल्या. साडूला समाजवाद, बँक मॅनेजरला भांडवलशाही, मला व्यक्तिस्वातंत्र्य. दोघांची दया आली. पहिल्या बक्षिसासाठी शोकेसमध्ये जागा केली.

५ मार्च, सकाळ
सराव सुरू. मी बोलत असताना घरात कुणी बोलायचं नाही, असं जाहीर केलं. टीव्ही बंद. मिक्सरही बंद. बायको म्हणाली, मग जेवणही बंदच समजा. विचारवंताच्या घरी असं व्हायचंच.

८ मार्च
लेकीने नवीनच खूळ काढलं. ऑफिसातली पर्मनंट नोकरी सोडून सुताराकडे काम शिकणार म्हणे. दिवसभर स्क्रीनकडे बघून जीव विटला, रंधा हातात घेतला की बरं वाटतं. स्पष्ट नाही म्हणालो. व्यक्तिस्वातंत्र्य वेगळं, घर वेगळं. (हे वाक्य भाषणात नको.)

९ मार्च
साडू येऊन गेला. म्हणाला, हाताने काम करण्यात कमीपणा कसला, शिकू दे पोरीला. संध्याकाळी मॅनेजर भेटला. तोही म्हणाला, चांगल्या सुताराला मार्केट आहे, शिकू द्या. या दोघांचं आजवर कशावरही पटलेलं नाही. उघड आहे, मला डिस्टर्ब करायचा डाव.

१२ मार्च
लेक जेवताना पुन्हा विषय काढत होती. हात धुऊन उठलो. परिसंवाद होईपर्यंत स्वातंत्र्यावर घरात चर्चा नको, असं बजावलं. ती ताट उचलून आत गेली. समजूतदार आहे.

१५ मार्च
झाला परिसंवाद. काय रंगलो! माणसाला त्याच्या मनासारखं जगू द्या, म्हणत टेबलावर असा हात आपटला की पाण्याचा ग्लास परीक्षकांच्या मांडीवर. मॅनेजर पहिला, साडू दुसरा. पण पहिल्या तिघांत मीही आहेच. परीक्षक म्हणाले, पोटतिडीक होती, पण कुणाला काही पटलं असं वाटलं नाही. पँट भिजली की माणूस असंच बोलतो.

१६ मार्च
लेकीने राजीनामा दिला. मी तोंड उघडण्याआधीच जवळ येऊन बसली. डोळे भरून आले होते. म्हणाली, "बाबा, काल तुमचं भाषण ऐकलं नसतं, तर माझी हिंमत झाली नसती."
एवढ्या हॉलमध्ये माझं म्हणणं पटलेली ती एकटीच. तिला कसं सांगू, की मला स्वतःला ते तितकंसं पटलेलं नव्हतं.