वंशावळीतला काळा चौकोन

३ जून

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, पण आज ते लिहवत नाही. वीज कंपनीच्या परीक्षेत आपली बारकी पहिली आली, खांबावर चढायच्या चाचणीत तिने मुलग्यांनाही मागे टाकलं. आणि काल कंपनीच्या डॉक्टरांनी लेकीला न तपासताच परत पाठवलं. तिच्यापुढे एक मासिक टाकलं. त्यात तुमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांचा लेख आणि आपल्या घराची वंशावळ. चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे बाई, काळं केलेलं म्हणजे रोगी. नावं नाहीत, पण ‘घड्याळजी, मनोऱ्यावरचं घड्याळ दुरुस्त करताना छत्तिसाव्या वर्षी हृदयविकाराने मृत्यू’ असं छापल्यावर नाव कशाला हवं? गावात असा घड्याळजी एकच होता आणि तो माझा नवरा होता. डॉक्टर म्हणाले, अशा घरातली मुलगी आम्ही खांबावर चढवत नाही.

हे होते तेव्हा आमच्याच जेवणाच्या टेबलावर तुम्ही तेव्हा लहान असलेली बारकी सोडून सगळ्यांचं रक्त घेतलंत. मी वर तुम्हाला चहा करून दिला. पांग चांगले फेडलेत.

रागावले तरी तुमचीच,
वहिनी


९ जून

ती. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मान खाली घालून वाचलं आणि तडक प्रमुखांच्या खोलीत गेले.

काम चांगलं होतं, वहिनी, एवढं तरी ऐका. पेशीच्या अंगावर ग्राही असतात, इवलाले चिमटेच म्हणा. त्यातले काही रक्तातली चरबी पकडून आत ओढतात. आपल्या घरात काहींचे निम्मे चिमटे मोडके असतात, म्हणून रक्तवाहिन्या तरुणपणीच बुजतात. हा चिमटा घडवणारं जनुक कुठे बसलंय ते शोधायला आम्ही माणसाची नि उंदराची पेशी एकजीव करून वाढवतो. तिच्यातून माणसाची गुणसूत्रं एकेक करून गळतात. जे गळल्यावर चिमटाही नाहीसा होतो, त्याच्यावर जनुकाचं घर. ते सापडलं, आणि मोडतोड नेमकी कोणती हे दादा गेल्यावर त्याच्या साठवलेल्या रक्तावरून कळलं.

घड्याळाचा उल्लेख मी मसुद्यातून काढला होता. प्रमुखांनी परत घातला. वाचकाला गोष्ट लागते, असं म्हणाले. मी म्हटलं, मग तुमच्या घरची सांगायची होती. त्यांनी मला दार दाखवलं. मी संस्थेच्या समितीकडे तक्रार केली आहे.

बारकीचं रक्त पाठवता का? तिच्यात दोष नसण्याची शक्यता निम्मी आहे. नसला तर तो निकाल त्या डॉक्टरांपुढे आपटू.

लोभ आटला असला तरी तोडू नका,
तुमची नणंद


१७ जून

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

राग निम्मा उतरला, उरलेला कंपनीसाठी राखून ठेवला होता.

बारकीने रक्त द्यायला साफ नकार दिला. तिचं म्हणणं, मी बिनदोष निघाले म्हणून आत गेले, तर दोष असलेल्याला बाहेर ठेवणं योग्यच, असं मीच कबूल केल्यासारखं होईल. मी कपाळावर हात मारला. बापाचा हट्ट कुठल्या गुणसूत्रावर बसतो तेही एकदा शोधा.

मग कंबर कसून दोघी व्यवस्थापकांकडे गेलो. मी विचारलं, प्रत्येक उमेदवाराच्या बापाचा मृत्यू तुम्ही उकरून काढता का? ते म्हणाले, नाही. मग आमचाच का, असं मी विचारलं. तिथेच बसलेले कंपनीचे डॉक्टर मध्येच म्हणाले की मुलीच्या काळजीपोटीच केलं. तेव्हा बारकीने शांतपणे विचारलं, एवढी काळजी होती तर माझ्या छातीला नळी का लावली नाहीत? माझं हृदय तपासा, वडिलांचं नको.

व्यवस्थापकांनी तिथल्या तिथे तपासणी करायला लावली. पोरगी सुखरूप पास. सोमवारी रुजू होते आहे.

तुमचं भांडण सोडू नका. जीवाला जपा, माया आहेच.
वहिनी


११ जुलै

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

वहिनी, पाकिटावर लेकीचं नाव आहे. सवयीने फोडलं असेल तर इथेच थांबा.

बारके, रुजू झाल्यावर तू स्वतःहून रक्त पाठवलंस आणि फक्त मलाच कळव म्हणालीस, म्हणून हे तुझ्या नावे. समितीचं आधी सांगते. आपले नमुने यापुढे आपल्याला विचारल्याशिवाय कोणी वापरणार नाही. मासिक ‘गैरसोयीबद्दल खेद’ छापणार आहे. माझ्या भावाचं मरण चव्हाट्यावर मांडलं, त्याला हे लोक गैरसोय म्हणतात. प्रमुखांनी माफी मागितली नाही. मला मात्र दुसऱ्या विभागात हलवलं. मी वर दाद मागितली आहे.

आता तुझा निकाल. दोष आहे. मी दोनदा तपासलं, दुसऱ्यांदा निव्वळ चीड आली म्हणून.

दादाला छातीत दुखेपर्यंत काही कळलं नव्हतं. तुला आत्ताच कळलंय आणि यावर आता गोळ्या आहेत. मी स्वतः घेते. सोबत एका चांगल्या हृदयतज्ज्ञ बाईंचा पत्ता देते. या आठवड्यात जा, टाळू नकोस. कंपनीच्या डॉक्टरांना काय सांगायचं, हे त्या बाईंशी बोलून तू ठरव. आईला कसं सांगायचं हेही तूच ठरव, पण एकटीने नको असेल तर कळव. मी पहिल्या गाडीने येते.

रागवायचं तेवढं रागव, पण आत्यावरची माया राहू दे.
तुझी आत्या