पंधरा मिनिटं डाव्या कुशीवर

२३ मार्च २०२०, सोमवार. सकाळी ११:१०
दवाखान्यातून फोन. बुधवारचा डोस रद्द. त्यापुढचे दोनही रद्द. कोरोनामुळे तातडीचं सोडून सगळं बंद, नवी तारीख फोनवर कळवू, असं सिस्टर म्हणाली. मी म्हटलं, बाई, माझ्या मूत्राशयात कॅन्सर आहे, पायाला भोवरी नाही. ती म्हणाली, कळतंय हो काका, पण मी तरी काय करू? मी फोन ठेवला आणि खुर्चीला लाथ घातली. खुर्ची गेली.

डॉक्टरांनी ही वही लघवीसाठी ठेवायला सांगितली होती. किती वाजता, किती, रंग कोणता. आता डॉक्टरच भेटणार नाहीत, तेव्हा वही माझी. यात मी वाटेल ते लिहीन आणि कुणाला दाखवणार नाही.

संकल्प: चिडायचं नाही. रंग: उत्तम.

२५ मार्च, बुधवार. दुपारी १:००
डोसचा दिवस वाया घालवायचा नाही असं ठरवलं. नीट विचार केला तर या ट्रीटमेंटमध्ये असतं काय? नळीतून वाटीभर बीसीजी आत सोडतात, टीबीची लस असते तीच. ती पाच मिनिटांत होते. खरी मेहनत पुढे, आणि ती सगळी माझी: पंधरा मिनिटं डाव्या कुशीवर, पंधरा उजव्या, पंधरा पाठीवर, पंधरा पोटावर. दोन तास लघवी धरून ठेवायची. म्हणजे पाच मिनिटं त्यांची, दोन तास माझे. मग माझा भाग मी घरी का करू नये?

दहाला सुरुवात. डावी, उजवी, पाठ, सगळं घड्याळ लावून. पोटावर असताना बाल्दोमेरो दारात आला. हा माझ्या बायकोचा, एर्मेलिंदाचा भाऊ, तोकोपिया गावाहून बहिणीच्या वाढदिवसाला आला आणि इथेच अडकला. म्हणाला, दाजी, एक बाजू नीट भाजली का, की परत उलटायची? बूट फेकला. कानावर बसला. पोटावर झोपून मारलेला, हे लक्षात घेतलं तर नेम चांगला.

दोन तास धरायची होती. एक तास चाळीस मिनिटं झाली. गादी उन्हात टाकली आहे.

४ एप्रिल, शनिवार
मोठी बातमी! टीव्हीवर सांगितलं, बीसीजी घेतलेल्याला कोरोना कमी होतो का, याचा शास्त्रज्ञ अभ्यास करताहेत. कसला अभ्यास? मला येऊन विचारा ना. लोकांनी जन्मल्यावर दंडात एक टोचून घेतली. मी सहा घेतल्या, थेट आत. अख्ख्या अँतोफागास्ता शहरात माझ्याएवढा बीसीजी कुणाच्या अंगात नसेल. मास्क कचऱ्यात टाकला.

संध्याकाळी ६:३०
सुपरमार्केटला क्लोरीन आणायला गेलो. डोसनंतर संडासात क्लोरीन ओतायचं असतं, नियम म्हणजे नियम. शेवटची एकच बाटली होती. मी धरली, दुसऱ्या बाजूने एका जाड्यानेही धरली. म्हणाला, आधी मास्क लाव, म्हाताऱ्या. मी म्हटलं, मला गरज नाही, मला बीसीजी आहे. म्हणाला, कुठे आहे? मी सांगितलं कुठे. तो हसला.

उजवा हात आपोआप गेला. बंदरावर मी बॉक्सिंगमध्ये लाइट-हेवी गटात तीन वर्षं चॅम्पियन होतो, हात विसरत नाही. त्याचं नाक फुटलं. त्याने मला बटाट्यांच्या ढिगात ढकललं, मी त्याला पाय घालून सोबत घेतलं. बाटली फुटली. दोघांनाही बाहेर काढलं. माझा निळा शर्ट आता अर्धा पांढरा.

निकाल: गुणांवर विजय माझा. क्लोरीन नाही.

१२ मे, मंगळवार
शहर पूर्ण बंद. घराबाहेर पडायला पोलिसांच्या वेबसाइटवरून परमिट, आठवड्याला दोन, तीन-तीन तासांचं. एर्मेलिंदा दोन्ही वेळा स्वतःच जाते. म्हणते, तू बाहेर गेलास की माणसं रक्तबंबाळ होतात.

इलाज नियमित चालू. रोज दोन लिटर पाणी. आज ग्लास भरताना एकदम आठवलं, लहानपणी याच नळाला आर्सेनिकचं पाणी यायचं. वाळवंटात दुसरं पाणी आणणार कुठून? सगळा मोहल्ला तेच प्यायला, आता सगळा मोहल्ला मूत्राशय धरून बसलाय. नळाला लाथ घातली. पन्नास वर्षं उशिरा, पण घातली. पाइप तुटला. स्वयंपाकघरात घोट्यापर्यंत पाणी. बाल्दोमेरोने काही न बोलता बादल्या उपसल्या. न बोलता उपसल्या याचाच जास्त राग आला.

९ जून, मंगळवार. सकाळी १०:५५
अडीच महिने झाले, तारखेचा पत्ता नाही. मीच फोन लावला. पन्नास मिनिटं बासरी ऐकवली. मग एक आवाज म्हणाला, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि परत बासरी.

गॅलरीतून हातोडा आणला. तीन घावांत मोबाइलचा भुगा. चौथा मनासाठी. एर्मेलिंदा ओरडली, अरे, दवाखान्याकडे हाच एक नंबर आहे ना! आहेच. तिचा नंबर मी देऊच दिला नव्हता. रोग माझा, फोन माझा. आता त्यांना माझ्यापर्यंत पोचताच येणार नाही. बसू देत बोंबलत.

फार हलकं वाटतंय. नवा मोबाइल दुकानं उघडली की घेऊ. घाई नाही.

२ जुलै, गुरुवार
रंग: गुलाबी. काल बीटची कोशिंबीर खाल्ली होती. बीटने होतं असं, सगळ्यांना माहीत आहे.

१६ जुलै, गुरुवार
रंग: बीट. मध्ये बारीक गाठी. बीटच्याच असणार.

बाल्दोमेरो माझ्यानंतर संडासात गेला आणि बाहेर येऊन हळूच म्हणाला, दाजी, घरात पंधरा दिवस बीट शिजलेलं नाही. मी म्हटलं, तू माझ्या ताटात बघतोस? म्हणाला, मी ताटाचं बोलत नाहीये.

मारला. एकच, पण जबड्यावर नीट. तो भिंतीला आपटून खाली बसला. एर्मेलिंदाने मागून बिडाचा तवा घातला माझ्या डोक्यात. मला चार टाके पडायला हवे होते, पण दवाखान्यात कोण जाणार? तिने मीठ भरून फडकं बांधलं, आणि बांधता बांधता आणखी दोन चापट्या दिल्या. बाल्दोमेरोने तिला सांगितलं, की वाद फुटबॉलवरून झाला. त्याला कुणी सांगितलं होतं खोटं बोलायला?

संकल्प: यापुढे रंग लिहायचा नाही. बघितलं की मन खचतं. डोळे मिटून करायची.

१९ ऑगस्ट, बुधवार. दुपारी ४:००
मोरीला आतून कडी लावून बसलो होतो. आज होतच नव्हती. जोर केला, तर आलं ते सगळं रक्तच. मुतायला आलो होतो की डुक्कर कापायला, समजेना. एर्मेलिंदा दार वाजवत होती. मी म्हटलं, जा. ती गेली आणि पहार घेऊन आली. पाच घावांत दार आत. बासष्ट वर्षांची बाई.

तिने बघितलं. विचारलं, किती दिवस? मी म्हटलं, दोन. म्हणाली, खोटं बोललास तर ही पहार तुझ्या टाळक्यात घालेन. मी म्हटलं, दोन महिने.

पहार तिने आरशावर मारली. मग टबच्या कडेवर बसून रडली. मला काय करावं कळेना, म्हणून काचा गोळा केल्या.

२० ऑगस्ट, गुरुवार. (डाव्या हाताने)
तिने मेडिकल परमिट काढलं आणि दवाखान्यात नेलं. गेटवरचा गार्ड म्हणाला, अपॉइंटमेंटचा मेसेज दाखवा. मी म्हटलं, मोबाइल नाही. तो म्हणाला, मग आत नाही. मी हाणला. तो पोरगेला होता, वाकला. गेट लोखंडी होतं, ते वाकलं नाही. हाताची दोन हाडं मोडली. हाडं मोडल्यावर मात्र आत घेतलं.

कॅज्युअल्टीच्या बाकावर सेगुंदो भेटला, आमच्या बीसीजीच्या बुधवारातला. तब्येत छान. म्हणाला, जुलैपासून डोस परत सुरू झाले की! तुला फोन नाही आला?

सिस्टरने कॉम्प्युटरवर बघितलं. सहा जुलै, आठ जुलै, तेरा, वीस. चार वेळा केला होता. समोर लिहिलं होतं, रुग्ण प्रतिसाद देत नाही. जागा पुढच्याला दिली. एर्मेलिंदा माझ्या शेजारी उभी होती. टेबल होतं, खुर्ची होती, मला कशालाच हात लावावासा वाटला नाही.

११ सप्टेंबर, शुक्रवार
आत कॅमेरा घालून खरवडून तपासलं. स्नायूत गेलंय. मूत्राशय काढावं लागणार, पोटावर कायमची पिशवी. मी विचारलं, जुलैत आलो असतो तर? डॉक्टर म्हणाले, मार्चमध्ये वरवरचं होतं. कधी आत गेलं ते सांगता येत नाही. कदाचित वाचलं असतं.

कदाचित म्हणाले. दुसरा कुठलाही शब्द मी परतवून लावला असता.

२२ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी ११:३०
उद्या ऑपरेशन. आज पिशवी कशी बदलायची ते शिकवणार होते. घरचं एकच माणूस आत सोडतात. एर्मेलिंदा चित्र बघूनच पांढरीफटक पडली, म्हणून बाल्दोमेरो आला.

सिस्टरने माझ्या पोटावर पेनाने फुली काढली. पिशवी इथे. म्हणाली, दोन्ही हात लागतात, एकाने कातडी ताणायची, दुसऱ्याने चिकटवायची. माझ्या प्लास्टरकडे बघून म्हणाली, सुरुवातीला हे कोण करणार? बाल्दोमेरोने कोपरापर्यंत हात धुतले आणि तीन वेळा करून दाखवलं. तिसऱ्यांदा जमलं. सिस्टर म्हणाली, रोज बघावं लागेल हं, कंटाळणार नाही ना? तो म्हणाला, कंटाळून जाणार कुठे?

मला भीती वाटते आहे. खूप. हे कुणाला सांगितलेलं नाही.

मग त्याने चौथ्यांदा, सरावासाठी, खरी पिशवी फुलीवर धरली. हात गार होते त्याचे. म्हणाला, दाजी, हलायचं नाही हं.

मी हललो नाही.