जात्यावरची कादंबरी

वलवण,
१२ जानेवारी १९३८

प्रिय नजमा,

तू उर्स्याला राहायला गेलीस आणि इकडच्या गमतीला मुकलीस बघ. हे दसऱ्याला सुटून आले. सरकारला झोंबणारी एक कादंबरी लिहिली, तिच्यापायी सहा वर्षं तुरुंग! पण तब्येत बरी आहे. भूक तर अशी, की माझं थालीपीठ तव्यावर टिकत नाही.

लेखणी मात्र चालेना. टेबलाशी बसायचे, शाई वाळायची, कागद कोराच. हे लिहीत नाहीत तोवर माणूस सुटलाच नाही, असं मला वाटायला लागलं. फार घाबरले होते गं. मग एकदा माझा हात दुखत होता म्हणून हे जात्याशी बसले. तुरुंगात दळणच दळायचे ना! कागद मिळायचा नाही, म्हणून दळता दळता नवी कादंबरी मनात रचायचे आणि पाठ करायचे. इथे खुंटा हातात आला मात्र, घडाघडा बोलायला लागले! मी पीठ भरायचं सोडून लिहायला बसले.

आता लोणावळ्यात गिरणी असताना वलवणच्या बायका नाचणी घेऊन आमच्या दारात. दळण फुकट आणि वर गोष्ट! पुरुषमाणूस जात्यावर बसला म्हणून आधी फिदीफिदी हसल्या, आता नायिकेवर हक्क सांगतात. ती तापाने फणफणली तेव्हा झुंबरबाईने ह्यांना दमच भरला, "भाऊ, त्या पोरीला मारलंत, तर माजी नाचणी हाय तशी परत न्हेईन. लय सोसलंय तिनं." ह्यांनी मुकाट्याने ताप उतरवला. तुरुंगाच्या साहेबाला सहा वर्षांत एवढं जमलं नव्हतं.

पण परवा जातं थांबलं. नायिकेचा नवरा तुरुंगात आणि ती घरी एकटी, तिथे ह्यांना शब्दच सुचेना. मला म्हणाले, ती वर्षं तू कशी काढलीस ते मला ठाऊकच नाही; हे प्रकरण तू सांग, मी लिहितो. नजमा, मला हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. ढसाढसा रडले. काल खुंटा धरून बसले, पण तोंडातून शब्द फुटेना. एकटीने काढली होती का मी ती वर्षं? तू समोर बसायचीस. एका खुंट्याला दोघींचे हात. मला रडू फुटलं की तू जातं जोरात ओढायचीस, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. ते मी एकटी कशी सांगू? आठ दिवस ये. हे कागद घेऊन बसलेत, आणि समोरची जागा मी झुंबरबाईलासुद्धा दिलेली नाही.

तुझीच,
रतन