रजा नाही मिळाली

ताई,

मी सुईला घाबरून पळालो, असं तू सगळ्यांना सांगत सुटलीयेस, ते बरं नाही. तुझा लिम्फोमाचा कॅन्सर उलटला आणि माझ्याच रक्तातल्या मूळ पेशी तुला जुळल्या, तेव्हा तूच म्हणालीस, "तुझ्या पेशींनी मीपण तुझ्यासारखी उनाड झाले तर?" मुकादमाच्या पाया पडून मी रजा मिळवली होती. गावी यायचं विमानाचं तिकीट काढलं होतं, बॅगसुद्धा भरली होती.

मग भावोजींचा फोन आला. केमो आणि इम्युनोथेरपीने आधी गाठी विरायला हव्या होत्या, मगच माझ्या पेशी चढवणार होते. पण गाठी वाढल्यात. डॉक्टर म्हणाले, आता पेशी देऊन उपयोग नाही. "तिला एवढ्यात सांगू नकोस," म्हणताना भावोजी रडत होते. म्हणून मी तुला सांगितलं, रजा नाही मिळाली. तू म्हणालीस, "खोटारडा. भित्रा कुठला."

तसंच समज. दिवसभर परांचीवर उभा राहून भिंती रंगवतो. अंगात एवढं धडधाकट रक्त आहे आणि ते तुझ्या कामाचं नाही.

हे पत्र मी टाकणार नाही. पैसे तेवढे पाठवतो, ते पगारातले समज.

तुझा,
भित्रा

ता. क. तिकीट रद्द करून परत मिळाले एकतीस हजार चारशे.